लार्कवरचा आळ

ऑक्टोबरात त्या ट्रकवाल्यानं वेळेवर भोंगा मारला नसता तर चेस्टर पाव्लाक आणि त्याची बायको आयरीन, दोघांचाही कारभार तिथंच आटोपला असता. बाजार करून साउथ बेंडला आपल्या घरी परत येत होते. रस्ता सरळ, ऊन चांगलं, दोन्ही बाजूंना मका कापून मोकळी झालेली शेतं. चेस्टरची बासष्ट सालची लार्क गाडी आपली शहाण्यासारखी चालली होती, आणि एकाएकी मधली पिवळी रेघ ओलांडून पलीकडे गेली. भोंगा ऐकून चेस्टर भानावर आला, त्यानं चाक ओढलं आणि ट्रक अगदी अंगावरून गेल्यासारखा गेला. त्यानं गाडी कडेला घेतली. आयरीनच्या मांडीवरच्या पिशवीतली अंडी फुटून तिच्या कोटावर ओघळत होती.

"काय झालं रे, चेट?" तिनं विचारलं.

"स्टेअरिंग," तो म्हणाला. "ढिलं झालंय."

शब्द कसा आयताच तोंडात आला. खरं म्हणजे काय झालं ते चेस्टरला सांगताच आलं नसतं. झोप नव्हती, चक्कर नव्हती. डोळे टक्क उघडे आणि आत कुणी नाही, असं काहीतरी. त्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरात दोनदा तसंच झालं होतं. एकदा कॉफी कपाबाहेर ओतत राहिला आणि चटका बसला तेव्हा जागा झाला. आयरीनला म्हणाला, लक्ष नव्हतं. ती म्हणाली, तुझं लक्ष लग्नाच्या दिवशी होतं तेवढंच. दोघं हसली, विषय संपला.

पण रस्त्यावरचं असं हसून संपण्यासारखं नव्हतं. आयरीननं कोट पुसता पुसता निकाल देऊन टाकला. "हे नीट होईपर्यंत मी ह्या गाडीत पाय ठेवायची नाही. आणि तूही ठेवायचा नाहीस."

चेस्टर चटकन हो म्हणाला. इतका चटकन, की दुसऱ्या कुठल्या बाईला संशय आला असता.

आता लार्क म्हणजे त्याला काय होती, ते सांगायलाच हवं. गाडी ह्याच गावच्या स्टुडबेकर कारखान्यातली, आणि चेस्टर तेव्हा तिथं चाकाचं फिरणं टायरपर्यंत पोचवणारे स्टेअरिंगचे बॉक्स बसवायच्या लाइनीवर होता. त्रेसष्ट सालच्या डिसेंबरात, ऐन नाताळाच्या तोंडावर, कारखान्याला कुलूप लागलं. पुढं तो बेकरीचा ट्रक चालवत होता, मग शाळेच्या इमारती सांभाळत होता, पण कुणी विचारलं तर सांगायचा, मी स्टुडबेकरचा माणूस. कारखाना बंद होऊन पन्नास वर्षं होत आली तरी हेच. ह्या विशिष्ट गाडीचा बॉक्स आपणच बसवलेला आहे असं तो शपथेवर सांगे. त्याला पुरावा काही नव्हता, पण त्याच्याशी वाद घालण्यात कुणाचंच भलं नव्हतं.

आणि डॉक्टरला सांगावं म्हटलं तर डॉक्टर पहिली गोष्ट कोणती करणार? लायसन काढून घेणार. त्याचा मित्र एमरिक टोथ, त्याचं तेच झालं. चांगला हंगेरियन गडी, तोंडानं फटकळ, आणि आता मुलगी नेईल तेव्हा कटिंगला जायचं, मुलगी आणील ती बियर प्यायची. ह्या गावात ज्याच्याकडे गाडी नाही तो आपल्याच घरात पाहुणा. चेस्टरला मरणाची भीती नव्हती असं नाही, पण ह्याची जास्त होती.

सुदैवानं हिवाळा आला. थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि जुन्या गाडीच्या पत्र्याला मीठ म्हणजे विषच. त्यामुळं लार्क नेहमीप्रमाणे चादर पांघरून गॅरेजात गेली आणि कुणाला काही सांगावं लागलं नाही. घरची दुसरी, रोजची छोटी गाडी हिवाळाभर आयरीननंच चालवली. चेस्टरनं गुडघ्याचं निमित्त काढलं. तुम्ही म्हणाल, म्हणजे त्याला कळत होतं. होय, कळत होतं. पण चार महिने पुन्हा काही झालं नाही, कॉफी कपातच पडत राहिली, आणि हळूहळू त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं की दोष स्टेअरिंगचाच होता.

दर वर्षी लार्क बाहेर निघायची ती ईस्टरच्या आदल्या शनिवारी. रस्ते पावसानं धुतले गेलेले असत. त्या दिवशी ईस्टरच्या जेवणाची टोपली चर्चात नेऊन तिच्यावर पाद्रीबाबांकडून पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं, ही पाव्लाकांच्या घरची पोलंडहून आलेली चाल, आणि टोपली न्यायची ती लार्कमधूनच. आयरीन म्हणायची, येशू गाढवावर बसून आला, आम्ही लार्कमध्ये.

मार्चातल्या एका शनिवारी लेनर्ड येणार होता. लेनर्ड त्यांचा एकुलता एक मुलगा, पन्नाशीला टेकलेला, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. बोलायला अबोल, कामाला वाघ. आयरीननंच त्याला बोलावलं होतं. "तुझ्या बापाच्या भरवशावर राहिले तर ईस्टर पुढल्या वर्षी येईल," असं फोनवर म्हणाली, चेस्टर शेजारीच बसलेला असताना.

लेनर्ड यायच्या आधी चेस्टर एकटा गॅरेजात गेला. हीटर लावला, चादर काढली. खिडकीतून हात घालून त्यानं स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवलं आणि पुढच्या टायरकडे बघत राहिला. चाक बोटभर हललं की टायर हलत होता. पुन्हा हलवलं. बोटभरच. एवढा ढिलेपणा, एवढा प्ले तर नव्या कोऱ्या गाडीला असायचा. लाइनीवर त्यानं हेच हजारदा तपासलं होतं.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण अंगण सरळ निघालं तर नाचणाऱ्यानं तोंड कुठं लपवायचं? घटकाभरात लेनर्ड येणार, हात लावणार आणि म्हणणार, पप्पा, ह्याला तर काहीच झालेलं नाही. मग आयरीन बघणार. आयरीनची ती नजर चेस्टरला डोळ्यांपुढं दिसायला लागली.

मग त्यानं जे केलं ते पाहून लाइनीवरच्या मुकादमानं त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. त्यानं बॉनेट उघडलं, पाना घेतला, बॉक्सवरच्या, प्ले कमीजास्त करणाऱ्या अॅडजस्टिंग स्क्रूचा नट सैल केला, स्क्रू चांगला वळसाभर उलटा फिरवला आणि नट पुन्हा आवळून टाकला. काम सफाईदार झालं. चाक आता चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं नुसतंच फिरायला लागलं. त्याला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची किळसही आली.

लेनर्ड आला, कोट खुंटीला लावला, पाठ टेकवून गाडीखाली सरकला. ढिलं स्टेअरिंग शोधायची रीत साधी आहे. एकानं वर बसून चाक हलकं हलकं इकडंतिकडं करायचं, दुसऱ्यानं खाली एकेका सांध्यावर हात ठेवून जायचं. जिथं अलीकडचं हलतं आणि पलीकडचं उशिरा हलतं, तिथं चोर.

"हं, हलवा," खालून आवाज आला.

चेस्टर हलवत राहिला.

"मधला पिव्हट चांगला आहे. टाय रॉड चांगले आहेत. हलवा, हलवा, थांबू नका. जेवला नाहीत का?"

"तुझी आई जेवू देईल तेव्हा ना."

लेनर्ड खालून निघाला, बॉनेटखाली वाकला. बॉक्सवर हात ठेवला. चेस्टरला बॉनेटखालच्या फटीतून फक्त त्याची टोपी दिसत होती.

"पप्पा, बॉक्सला एवढ्यात कुणी हात लावला होता का?"

"कोण लावणार? तू शाळेत होतास तेव्हापासून कुणी नाही."

"बरं," लेनर्ड म्हणाला.

मग तो काम करायला लागला. पुढचे टायर अगदी सरळ करून घेतले, नट सोडला, स्क्रू जरा जरा आवळत गेला, दर वेळी चाक पूर्ण इकडून तिकडं फिरवून कुठं अडत नाही ना ते बघत गेला. घाई नाही, बडबड नाही. चेस्टरच्या मनात आलं, पोरगं माझ्यापेक्षा चांगलं काम करतं. एरवी हे त्यानं मोठ्यानं म्हटलं असतं.

आयरीन कॉफी घेऊन आली. "सापडलं का?"

"बॉक्स ढिला होता, मा," लेनर्ड म्हणाला. हात पुसत होता, मान खाली.

"म्हणजे ह्याचं म्हातारपण नव्हतं तर. मी आपली हिवाळाभर ह्याच्याकडे चोरून बघत होते." ती चेस्टरकडे वळली आणि तिनं त्याच्या गालाला हात लावला. तिचा हात गरम कपामुळं ऊबदार होता. "मला वाटलं होतं, तूच सुटत चाललायस."

"काहीतरीच," चेस्टर म्हणाला.

"आता मी बसायला हरकत नाही ना, लेन?"

"स्टेअरिंगचं म्हणशील तर काही काळजी नाही." लेनर्डनं कॉफी एका दमात संपवली. "तरी पप्पा, तुम्ही जरा सांभाळून चालवा."

"मी तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय."

"म्हणूनच म्हणतोय," लेनर्ड म्हणाला, आणि कोट घालून निघून गेला.

ईस्टरच्या शनिवारी आभाळ निवळलेलं होतं. आयरीननं निळा कोट घातला, ओठ रंगवले आणि टोपली मांडीवर घेऊन लार्कमध्ये बसली. टोपलीत हॅम, सॉसेज, उकडलेली रंगीत अंडी, राय धान्याचा पाव आणि लोण्याचं घडवलेलं कोकरू, त्याला मिऱ्यांचे डोळे. जाताना गाडी सुतासारखी सरळ गेली. चेस्टर गुणगुणत होता. चर्चच्या आवारात मुलीचा हात धरून उभा असलेला एमरिक टोथ त्याला बघून ओरडला, "काय रे चेट, आता सरळ चालते म्हणे? मागं तर बारमधून निघाल्यासारखी चालायची."

"लेननं आवळलीय."

"मला पण आवळायला सांग त्याला. माझं सगळंच ढिलं झालंय."

आयरीनसुद्धा हसली. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, थोडं चेस्टरच्या चष्म्यावर उडालं. इतका बरा दिवस त्याला किती तरी महिन्यांत आला नव्हता. देवापुढं त्यानं काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं, आणि गरजही वाटली नाही.

परतताना वळण नाही, चढ नाही, घराजवळचा ओळखीचा रस्ता. आयरीन एमरिकच्या मुलीच्या केसांच्या रंगाबद्दल काहीतरी म्हणत होती. वाक्याचं पहिलं अर्धं चेस्टरनं ऐकलं.

पुढचं जे त्याला कळलं ते असं: गाडी कुणाच्या तरी हिरवळीवर उभी होती, इंजिन बंद पडलं होतं, आयरीनचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते आणि तिची हॅट त्याच्या पायाशी पडली होती. त्या घराची पत्रपेटी खांबासकट वाकली होती. टोपली उलटली होती, अंडी सीटखाली गडगडत गेली होती. आयरीन एक शब्द न बोलता दार उघडून उतरली आणि मागं फुटपाथकडे धावली. ह्या वयात तिला धावताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आरशात बघितलं तर ती एका बाईशी बोलत होती. बाईची पाठच दिसत होती, हिरवं जाकीट. आयरीननं तिच्या खांद्याला हात लावला, बाईनं तो झटकला आणि ती भराभर निघून गेली.

आयरीन परत आली तेव्हा ओठांचा रंग सोडला तर चेहरा पांढराफटक होता.

"लेननं नीट केलं नाही," ती म्हणाली. "मी ओढलं म्हणून वळली. तुझ्या हातात काही राहिलंच नव्हतं, चेट. तू बसलेला आणि गाडी आपली चाललेली."

चेस्टरनं तोंड उघडलं. आता बोलला असता तर निम्मं तरी फिटलं असतं. पण ती फोन लावत होती, आणि त्यानं तोंड मिटलं.

लेनर्ड आला, त्यानं पेटीवाल्या घरमालकाला भरपाईचं सांगितलं आणि लार्क स्वतः घरी नेली. घर जवळच होतं. हे दोघं टोपली मधे धरून चालत गेले. वाटेत आयरीननं त्याच्यावर राग धरला नाही. उलट खड्डा आला की "बघ" म्हणत होती. तेच त्याला सोसवत नव्हतं.

राग निघाला तो स्वयंपाकघरात, लेनर्डवर. "तुझ्या शब्दावर बसले रे मी. काळजी नाही म्हणालास. शाळेच्या गाड्या अशाच करतोस का? लोकांची पोरं बसतात त्यात."

लेनर्ड सिंकपाशी उभा होता. वर्कशॉपात कुणी त्याच्या कामाला नावं ठेवली तर पाना आपटून भांडणारा माणूस. आता त्यानं बाजू मांडलीच नाही. "चुकलंच माझं, मा," एवढंच म्हणाला. "बघतो," म्हणून गॅरेजात गेला.

चेस्टर टेबलाशी बसून राहिला. आयरीन अंड्यांवरची माती पुसत होती. आपल्या पोरानं आपला गुन्हा अंगावर घेतला आणि आपण खुर्चीत बसून आहोत, हे त्याला कळत होतं. उठताना त्याला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

गॅरेजात गाडीखालून लेनर्डचे पाय बाहेर दिसत होते. ईस्टरची नवी पँट, चकचकीत बूट. हत्यारांची पेटी बंदच होती.

"बाहेर ये," चेस्टर म्हणाला. "तिथं काही सापडायचं नाही."

"ठाऊक आहे."

"तू नीट केलं होतंस. मी... लेन, त्या दिवशी तू यायच्या आधी मीच स्क्रू ढिला केला होता. गाडीला काही नव्हतं. मला काहीतरी होतं. मधेच सगळं जातं. ऑक्टोबरातही तेच झालं."

मग लेनर्ड म्हणाला, "नटावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या, पप्पा. भोवती सगळं ग्रीस वाळलेलं आणि तेवढाच नट चकाकत होता. आंधळ्यालाही दिसलं असतं."

चेस्टरनं वाकून गाडीखाली बघितलं.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं. आज सांगाल, उद्या सांगाल. कॉफी घेऊन मा आली तेव्हा सांगाल असं वाटलं. तिनं तुमच्या गालाला हात लावला, आणि मग माझ्यानंच बोलवेना. मलाही स्टेअरिंगच हवं होतं. स्टेअरिंग मला दुरुस्त करता येतं."

"मग आता खाली काय करतोयस?"

"तोंड कुठं नेऊ? तिला मी काळजी नाही म्हणून सांगितलं."

दारात पावलांचा आवाज झाला नव्हता, पण आयरीन तिथं उभी होती. हातात पुसायचं फडकं तसंच होतं. ती कधी आली कुणास ठाऊक. लेनर्ड सरकत बाहेर आला आणि जमिनीवरच बसून राहिला.

"म्हणजे ह्याला ठाऊक होतं," ती म्हणाली, "आणि तुला ठाऊक होतं. आणि गाडीत बसले मी."

चेस्टर तिच्याकडे बघत होता. त्याला वाटलं होतं ती आकांडतांडव करील, फडकं फेकील, आणि तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"आयरीन, मी उद्या... नाही, सोमवारी डॉक्टरकडे जातो. लायसन देऊन टाकतो."

"ते तू देशीलच." ती गाडीला वळसा घालून त्याच्या समोर आली. रागावलेली नव्हती. काहीतरी जाणून घ्यायचं असल्यासारखी ती त्याचा चेहरा निरखत होती. "फुटपाथवर ती बाई होती ना, हिरव्या जाकिटातली. तिच्या हातात बाबागाडी होती. तिनं ती दोन्ही हातांनी मागं ओढली आणि आपलं चाक तिच्या पुढून गेलं. आत बाळ होतं, चेट. पिवळी टोपी घातलेलं. आपल्याकडेच बघत होतं. तू पाहिलंस ना ते?"

आरशातल्या हिरव्या जाकिटाच्या आधीचं काही चेस्टरनं आठवून बघितलं. त्यानं खरोखर मनापासून आठवून बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "तिथं कुणीच नव्हतं."